आधी बघा, मग भांडा

लिस्बनला जायचं ठरलं ते माझ्या धाकट्या भावामुळे आणि तिथं वाद झाला तो माझ्या बायकोमुळे, असं मी म्हटलं तर दोघंही म्हणतील, उलट लिही. सतीश पुण्याचा, स्थापत्य अभियंता. घरातल्या सगळ्या सहलींचा बेत त्याच्याकडे. कुठं किती वाजता पोचायचं, कुठल्या रांगेत कोणी उभं राहायचं, सगळं त्याच्या फोनमधल्या तक्त्यात असतं. नीलिमाचं माहेर वसईचं. पोर्तुगीजांच्या किल्ल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर वाढलेली आणि शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. बरोबर आई, सतीशची बायको आणि मुलं. बेलेमचा नदीकाठ पाहून आलो, भाड्याच्या घरात कुकर लावला आणि दुसऱ्या दिवसाचा बेत ठरवायला बसलो. त्या वेळचं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं देतोय. मी मध्ये पडलो नाही. एकीचा नवरा आणि एकाचा भाऊ असलेल्या माणसानं पडू नये.

सतीश : उद्या साडेनऊला साओ जॉर्जचा किल्ला. मग अठ्ठावीस नंबरची ट्राम. दुपारी कार्मोचं पडकं चर्च, सांता जुश्ताची लिफ्ट, चार वाजता नदीकाठचा मोठा चौक. परवा सिंत्रा. वहिनी, काही राहिलंय का?

नीलिमा : आजचंच राहिलंय, भावजी. जेरोनिमोस मठात आपण जेमतेम पाऊण तास होतो, त्यातला निम्मा फोटोत गेला. वास्को द गामाच्या कबरीपाशी तुमच्या अर्णवनं विचारलं, हा चांगला होता की वाईट? तुम्ही म्हणालात, धाडसी होता, चल, रांग पुढं सरकली.

सतीश : मग खोटं काय सांगितलं? आफ्रिकेला वळसा घालून लाकडी जहाजातून १४९८ मध्ये कालिकतला पोचणं म्हणजे धाडसच की. बारा वर्षांच्या पोराला रांगेत उभं करून आणखी काय सांगणार?

नीलिमा : दुसऱ्या सफरीत, १५०२ मध्ये, त्यानं मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज मलबारच्या किनाऱ्याजवळ लुटलं आणि बायकामुलांसकट जाळलं. एवढंच सांगायचं होतं. एका वाक्याचं काम. पोरगं तेवढं ऐकू शकतं, रोज फोनवर याहून भयंकर बघतं.

सतीश : वहिनी, आपण इथं सुट्टीला आलोय, चौकशी आयोगावर नाही. वर्षभर पैसे साठवले, व्हिसासाठी कागद जमवले, आईचे गुडघे सांभाळत इथवर आलो. माझं म्हणणं साधं आहे. समोर सुंदर काही आहे, ते डोळे भरून बघू द्या पोरांना. त्या मठातले खांब बघितलेत? किती सडपातळ, आणि वर जाऊन कसे फांद्या फुटल्यासारखे पसरतात! १७५५ च्या भूकंपात अख्खं शहर कोसळलं, हे खांब उभे राहिले. ते ज्यानं रचले त्याला हात जोडावेत की त्याच्याकडं पावत्या मागाव्यात?

नीलिमा : दोन्ही. मठाचं काम १५०१ च्या सुमारास सुरू झालं आणि शंभरेक वर्षं चाललं. पैसा आला कुठून? आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर राजा मानुएलनं सुमारे पाच टक्के कर लावला होता, त्यातून. म्हणजे आपल्याकडचे मिरे त्या खांबांत आहेत. हे समजल्यावर खांब कमी सुंदर दिसतो असं मी म्हणत नाही. पण खांब दाखवायचा आणि मिरे लपवायचे, हे मला पटत नाही.

सतीश : लपवलं कोणी? दरवाजाभोवतीच्या दगडात दोरखंड कोरलेत, गाठी कोरल्यात, खगोलाचे गोल कोरलेत. सगळा समुद्रच तिथं आणून ठेवलाय. हा मठ कशावर उभा आहे हे आंधळ्यालाही कळेल.

नीलिमा : समुद्र दिसतो, पलीकडचा किनारा दिसत नाही. आता तो नदीवरचा बुरूज घ्या. मुलांना सगळ्यात आवडला तो गेंडा.

सतीश : आवडणारच! मान वाकडी करून करून शोधला पोरांनी. झरोक्याच्या बुरुजाखाली, पावसावाऱ्यानं झिजून नाकडोळे गेलेला. मीच सांगितलं ना त्यांना, हा गुजरातचा. सुलतान मुजफ्फरशहानं पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिला, त्यानं गोव्याहून जहाजावर चढवला, आणि मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात कोणी जिवंत गेंडा पाहिलाच नव्हता. जर्मनीत ड्यूररनं तो न पाहता, दुसऱ्याच्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याचं चित्र कोरलं. पुढं राजानं तो पोपला भेट म्हणून धाडला आणि जहाज बुडून बिचारा इटलीच्या किनाऱ्याजवळ मेला. हा इतिहासच झाला की!

नीलिमा : छान सांगितलात, मीही ऐकत होते. आता त्याच वर्षातली दुसरी गोष्ट ऐका. शहरात आफ्रिकेतून आणलेले गुलाम इतके मरत आणि त्यांची प्रेतं अशी कुठंही टाकली जात, की त्याच मानुएल राजानं १५१५ मध्ये त्यांच्यासाठी एक खोल विहीर खणायचा हुकूम काढला. त्या ठिकाणी आज रस्ता आहे आणि रस्त्याला त्या विहिरीचंच नाव आहे. गेंड्याला दगडात जागा मिळाली, माणसांना खड्ड्यात. राजधानी बघायची म्हणजे हे दोन्ही पत्ते माहीत हवेत.

(इथं सतीश थोडा वेळ काही बोलला नाही. कुकरची शिट्टी झाली. आईनं विचारलं, भात झाला का रे? मग त्यानं दुसरी बाजू धरली.)

सतीश : ठीक. पण वहिनी, तुमची एक अडचण सांगू? राग मानू नका. तुम्ही लिस्बनमध्ये वसईच शोधताय. कुठल्याही दगडाला हात लावला की तो आपल्यालाच लुटून आणलाय, असं. या लोकांचं स्वतःचं काही झालंच नाही का? १ नोव्हेंबर १७५५, सकाळची वेळ. सर्व संतांचा सण, माणसं चर्चमध्ये दाटीवाटीनं बसलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, वाचलेले जीव घेऊन नदीकडं धावले तर तिकडून लाटा आल्या, आणि मागून आग लागली ती कित्येक दिवस धुमसत राहिली. त्यातून राजाच्या मंत्र्यानं, पोंबालनं, शहराचा मधला भाग आखून काढला. सरळ रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती, आणि भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा, म्हणजे जमीन हलली तरी इमारत मोडू नये. नमुना उभारून त्याभोवती सैनिकांची पावलं आपटवून चाचणी घेतली असं सांगतात. अठराव्या शतकात! मला विचाराल तर लिस्बनला यायचं ते त्या पिंजऱ्यासाठी. आणि तो कुठल्याही यादीत नाही, कारण गिलाव्याखाली असतो.

नीलिमा : हे मला मान्य. आणि हे तुम्ही आज मुलांना का सांगितलं नाहीत?

सतीश : आज बेलेम होतं. मधला भाग उद्या.

नीलिमा : उद्या चार वाजता, वीस मिनिटं. तुमच्या तक्त्यात बघितलं मी. त्या चौकात भूकंपाआधी राजवाडा होता. मानुएल डोंगरावरचा किल्ला सोडून नदीकाठी राहायला आला, कारण शेजारीच 'कासा द इंडिया' होती. पूर्वेचा सगळा व्यापार चालवणारी कचेरी. राजा आपल्या कोठाराजवळ राहायला आला, किराणा दुकानाच्या मागं मालकाचं घर असतं तसा. ते सगळं १७५५ मध्ये गेलं. चौक सुंदर आहे, पण तिथं काय नाही हे कोणी सांगितलं तरच चौक समजतो.

सतीश : आणि भूकंपात जे गेलं त्याचा फलक लावला नाही म्हणून मी या लोकांवर रागवू? अहो, ते स्वतःचं बरंच उघड्यावर ठेवतात. रोसिओजवळचं साओ दोमिंगो चर्च. १९५९ मध्ये आत आग लागली होती. दुरुस्त केलं, पण करपलेले, तडकलेले खांब तसेच ठेवलेत. बाहेर १५०६ मध्ये शहरात ज्यूंची कत्तल झाली त्याचं स्मारक आहे, शहरानंच लावलेलं. आणि इतकं कशाला, ज्यांच्या वडिलांचं लहानपण मडगावात गेलं ते आंतोनियो कोश्ता २००७ मध्ये याच शहराचे महापौर झाले आणि २०१५ मध्ये देशाचे पंतप्रधान. हे शहर काय फक्त वास्को द गामाचं आहे?

नीलिमा : नाही. म्हणूनच मला त्या स्मारकाचा त्रास झाला. नदीकाठचं ते जहाजाच्या नाळेसारखं उंच स्मारक, ज्यावर राजपुत्र हेन्री पुढं आणि मागं सगळे दर्यावर्दी, धर्मगुरू, सरदार ओळीनं चढताहेत. तुमची पोरं त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिली. ते जुनं नाही, भावजी. १९४० च्या प्रदर्शनासाठी कच्च्या सामानात उभारलं, आणि दगड-काँक्रीटमध्ये कायमचं बांधलं १९६० मध्ये, हेन्रीच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाली म्हणून. देशात सालाझारची हुकूमशाही होती. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला. म्हणजे हातातून साम्राज्य सुटत होतं त्याच वेळी ते दगडात उंच चढवत होते. हे कळलं की ते स्मारक पंधराव्या शतकाचं राहतच नाही, एका घाबरलेल्या सरकारचं होतं.

सतीश : हे मात्र मला माहीत नव्हतं. मला वाटलं, निदान शंभर-दीडशे वर्षं जुनं असेल.

नीलिमा : तसं वाटावं म्हणूनच बांधलंय. तुमचा उद्याचा किल्लाही तसाच. ११४७ मध्ये मूरांकडून जिंकला हे खरं, पण आज दिसणारे तट-बुरूज बरेचसे १९४० च्या आसपास दुरुस्त करून उभे केलेले. सालाझारच्याच काळात.

सतीश : थांबा. आता माझी पाळी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. चर्चमधल्या घंटा उतरवल्या आणि आपल्या देवळांत नेऊन टांगल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, भीमाशंकरला आहे. आपण पोरांना काय सांगतो? ही बघ, वसईच्या विजयाची घंटा! अभिमानानं सांगतो, मी स्वतः सांगितलंय. ज्या गावातल्या चर्चची ती होती, तिथल्या माणसांना त्या दिवशी काय वाटलं असेल, हे आपण कुठल्या पाटीवर लिहिलंय?

नीलिमा : नाही लिहिलं. पण वसईतला माझा विद्यार्थी, जो रविवारी चर्चमध्ये जायचा, त्यानं मला वर्गात नेमकं हेच विचारलं होतं. त्यामुळं मला तो प्रश्न नवा नाही. घंटा टांगणं आणि जहाज जाळणं एकाच पारड्यात घालू नका, एवढंच.

सतीश : घालत नाही. पण विजयी माणूस आपलाच भाग मोठ्यानं सांगतो, हे लिस्बनचं खास पाप नाही, असं मी म्हणतोय. आणि दुसरं. वसईचा किल्ला. इथल्या माणसांनी बांधलेला, चारशे-पाचशे वर्षांचा. तिथं काय सांगितलंय बघणाऱ्याला?

नीलिमा : एक निळी पाटी आहे. स्मारक संरक्षित आहे, नुकसान केल्यास शिक्षा होईल, असं लिहिलेली.

सतीश : म्हणजे आपल्या दारातल्या किल्ल्याची कथा सांगायला आपल्याकडं धमकीची पाटी, आणि इथं येऊन आपण म्हणणार की तुमचे फलक एकांगी आहेत!

नीलिमा : टोला बरोबर बसला. पण त्यावर उपाय तिथंही सांगणं हा आहे, इथं गप्प बसणं हा नाही.

(आईनं ताटं घेतली. मुलं जेवायला आली आणि सईनं, माझ्या मुलीनं, मोबाइलवर एक चित्र दाखवलं. ती दुपारी आमच्यापासून वेगळी होऊन प्राचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली होती. चित्र होतं 'बेलेमची कुस्तोदिया' या नावाच्या सोन्याच्या पूजापात्राचं. तिनं ते बोटांनी मोठं करत करत दाखवलं : खाली मीनाकामात पक्षी आणि फुलं, दांड्यावर तेच खगोलाचे गोल, वर बारा शिष्य गुडघे टेकून बसलेले, प्रत्येकाचा चेहरा निराळा, आणि तळाच्या कडेनं फिरत गेलेली अक्षरं.)

नीलिमा : हे १५०६ चं. त्या अक्षरांत काय लिहिलंय माहीत आहे? राजा मानुएलनं हे किल्वाच्या खंडणीच्या सोन्याचं करवून घेतलं. किल्वा म्हणजे आफ्रिकेचा पूर्व किनारा. वास्को द गामानं तिथल्या सुलतानाला दमात घेऊन ते सोनं वसूल केलं, त्याच १५०२ च्या सफरीत. जहाज जाळलं त्याच सफरीत.

सतीश : म्हणजे पैसा कुठून आला ते वस्तूवरच लिहिलंय!

नीलिमा : मोठ्या अक्षरांत. त्याला त्यात लाज वाटली नाही. लाज नंतरच्यांना वाटली.

सतीश : वहिनी, मग जिंकलं कोण? मी सकाळपासून म्हणतोय, नीट बघा. बघितलं की सगळं तिथंच असतं. दोरखंड, गोल, गेंडा, आणि आता हे. तुमचा इतिहास दगडाच्या बाहेर नाही, आतच आहे.

नीलिमा : आणि मी म्हणतेय, विचारल्याशिवाय दिसत नाही. ही अक्षरं सईनं फोटोत धरली, पण अर्थ विचारला म्हणून कळला. शिवाय १९६० च्या स्मारकावर अशी अक्षरं नाहीत. तिथं नुसतं बघून काय कळणार?

सतीश : तिथं तुमचं खरं. पण एक कबूल करा. मठाच्या दारातच तुम्ही जळलेलं जहाज सांगितलं असतं, तर पोरांनी खांब बघितलाच नसता.

नीलिमा : कबूल. आधी दहा मिनिटं कोणी काही बोलायचं नाही, फक्त बघायचं. मग मी विचारणार : हे कोणी बांधलं, कधी, आणि पैसे कोणाचे?

सतीश : आणि त्याच दमात माझा प्रश्न : उभं कसं राहिलं?

नीलिमा : चालेल. तोही हवाच. आता एक मागणी. अठ्ठावीसची ट्राम साओ विसेंतेच्या मठावरून जाते. तिथं उतरायचं. ब्रागांझा घराण्याच्या कबरी आहेत तिथं, आणि त्यांत कॅथरिन आहे. जिच्या लग्नात, १६६१ च्या करारानं, मुंबई आंदण म्हणून इंग्रजांना मिळाली ती. आई गिरगावात जन्मल्या. ज्या बाईच्या आंदणात आपलं गाव गेलं, तिला त्यांनी एकदा भेटायला नको?

सतीश : आई, जायचं?

आई म्हणाली, ट्राममध्ये बसायला जागा मिळणार असेल तर जाऊ. त्या काळ्या-पांढऱ्या गुळगुळीत दगडांच्या उतारावरून मी आता चालणार नाही.

त्या रात्री दोन गोष्टींवर एकमत झालं नाही. नदीकाठच्या स्मारकावर लिफ्टनं चढून वरून नदी बघण्यात काही गैर नाही, असं सतीश अजूनही म्हणतो, आणि नीलिमा म्हणते, ज्यानं ते बांधलं त्याला नेमकं तेच हवं होतं. वसईच्या घंटांचंही तसंच राहिलं. मधूनच विषय निघतो आणि दोघं पुन्हा आपापल्या जागी उभी राहतात.

मला मात्र त्या बोलण्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. राजधानी हे शहर स्वतःला दाखवण्यासाठीच सजलेलं असतं. मोठे चौक, उंच पुतळे, नदीकडं तोंड केलेले दरवाजे, हे सगळं पाहुण्यांवर छाप पाडायलाच असतं, आणि छाप पडतेही. ती पडू द्यायला हरकत नाही. पण सजावट ओळखायला वेळ लागतो, आणि सजावटीतली कारागिरी ओळखायलाही तितकाच. सतीशला खांब समजून घ्यायचा होता, नीलिमाला खांबाचा पैसा. दोघांना हवा होता तो त्या खांबापाशी एक तास. तो तास त्यांना एकमेकांनी नाकारला नव्हता, फोनमधल्या तक्त्यानं नाकारला होता. एका दिवसात आठ ठिकाणं करणाऱ्याला कौतुकही करता येत नाही आणि जाबही विचारता येत नाही. त्याला फक्त पुढं सरकता येतं.

जेवणं झाल्यावर सतीशनं तक्ता उघडला आणि दुसऱ्या दिवसाच्या ठिकाणांवर काट मारायला सुरुवात केली. साओ विसेंते, मधल्या भागातल्या पोंबालच्या इमारती आणि संध्याकाळचा चौक राहिला. बाकी गेलं. सांता जुश्ताची लिफ्ट आम्ही येताजाता खालूनच पाहिली. ती लोखंडी आहे, १९०२ मधली आहे, पंचेचाळीस मीटर उंच आहे आणि तिच्यासमोर रांग मोठी असते. तिच्याबद्दल एवढं पुरे.